जगण्याला अर्थ असतो म्हणजे नेमकं काय असतं?

एकमेकांत अडकवलेल्या चार वर्तुळांची ती आकृती तुमच्या व्हॉट्सॲपवर एकदा तरी येऊन गेली असेल. तुम्हाला काय आवडतं, तुम्हाला काय जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतात, अशी चार वर्तुळं. ती चारही जिथे एकमेकांवर येतात तिथे मधोमध लिहिलेलं असतं ‘इकिगाई’, म्हणजे जपानीत जगण्याचं कारण. जपानी माणसं शंभरी गाठतात त्याचं गुपित म्हणे हेच. निवृत्तीला टेकलेल्या कर्मचाऱ्यांची कार्यशाळा असो की बारावी झालेल्या मुलांसाठी मार्गदर्शन, वक्त्याच्या लॅपटॉपमध्ये ही आकृती असतेच. मग घरी येऊन माणूस विचार करत बसतो, की आपली चार वर्तुळं काही जुळत नाहीत, म्हणजे आपलं आयुष्य फुकट चाललंय की काय?

मौज अशी, की ही आकृती जपानी नाहीच. आंद्रेस झुझुनागा नावाच्या एका स्पॅनिश ज्योतिषाने ती ‘ध्येय’ या कल्पनेसाठी काढली होती. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश ब्लॉगरने मधला शब्द पुसून तिथे इकिगाई लिहिलं आणि ती जगभर फिरली. खुद्द जपानमध्ये या विषयाचा पाया घातला तो मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, १९६६ साली. त्यांचं लिखाण उभं राहिलं ते कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत केलेल्या कामावर. घरादारापासून तोडलेल्या त्या माणसांपैकी काहींना जगण्यात गोडी का वाटते आणि काहींना का वाटत नाही, हे त्या शोधत होत्या. पगाराचं वर्तुळ त्या माणसांनी कुठून आणायचं?

तर ती आकृती बाजूला ठेवू आणि गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा खराखुरा अभ्यास झालाय तो काय म्हणतो ते पाहू.

दिसतो एक प्रश्न, असतात तीन

विश्वाला काही हेतू आहे का, या प्रश्नावर माणसं हजारो वर्षं डोकं चालवत आली आहेत. मानसशास्त्राने त्या प्रश्नाला हात न लावता लहान प्रश्न घेतला: एखाद्याला आपलं जगणं अर्थपूर्ण वाटतं, तेव्हा त्याला नेमकं काय वाटत असतं? फिनलंडचे फ्रँक मार्टेला आणि अमेरिकेचे मायकल स्टीगर यांनी २०१६ मध्ये आधीच्या संशोधनाची छाननी करून सांगितलं, की त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. आपण त्यांना संगती, दिशा आणि मोल म्हणू.

गावच्या जत्रेतलं नाटक डोळ्यांसमोर आणा. दिवसभर वीज खात्यात काम करणारा आपला शेजारी रात्री देवळासमोरच्या मंडपात मुकुट चढवून उभा आहे. पहिल्या अंकात काय झालं म्हणून दुसऱ्या अंकात आपण चिडतो, हे त्याला ठाऊक आहे. ही झाली संगती. घडतंय त्याचा एकमेकांशी मेळ लागणं. आपल्या पात्राला काय हवंय, नाटक कुठल्या प्रवेशाकडे निघालंय, हे तो जाणतो. ही दिशा. आणि आज तो आलाच नसता तर नाटक उभं राहिलं असतं का, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोल.

या तिन्ही गोष्टी एकत्रच येतात असं नाही. ज्याची संहिता तोंडपाठ आहे पण भूमिका कापली गेली, त्याच्याकडे संगती आहे, दिशा नाही. उलट विंगेत टॉर्च धरून बसलेला प्रॉम्प्टर बघा. प्रेक्षकांना तो दिसतही नाही, टाळ्यांमध्ये त्याचा वाटा नाही; पण ऐन जत्रेच्या रात्री तो तापाने पडला की त्याचं मोल सगळ्या गावाला कळतं.

हे वेगळेपण नुसतं पुस्तकी नाही. घरातला कर्ता मुलगा अपघातात गेला, तर आईबापांची तुटते ती संगती: हे असं का झालं, याचा मेळच लागत नाही. माणूस अठ्ठावन्नाव्या-साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा हरवते ती दिशा. मुलगा-सून लंडनला किंवा आखातात, आणि मोठ्या घरात एकट्या राहिलेल्या आजीला खुपतं ते मोल: माझ्यावाचून आता कुणाचं काय अडतंय? तिघांचीही तक्रार एकाच वाक्यात येते, ‘जगण्यात काही अर्थ राहिला नाही’. औषध मात्र तिघांचं वेगळं. आपण काय करतो? मुलगा गेलेल्या बापाला ‘मन कशात तरी गुंतव’ म्हणून सांगतो, आणि आजीला ‘आता आराम करा’. पहिल्याला हवं असतं त्याचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकून घेणारं कुणीतरी. आजीला हवं असतं काम.

खाणी थांबल्या तेव्हा काय थांबलं?

गोव्यात हा विषय समजून घ्यायला दूर जावं लागत नाही. डिचोली, सांगे, सत्तरी, केपे, धारबांदोडा या पट्ट्यातली गावं पिढ्यान् पिढ्या खनिजावर चालली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये ती अटींसह उठली; पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये काम पुन्हा ठप्प झालं. अलीकडे लिलावानंतर काही ठिकाणी ते सुरू झालंय. (खाणींनी शेतांचं आणि झऱ्यांचं काय केलं हा हिशेब निराळा आहे, आणि तोही मोठा आहे.)

चर्चा झाली ती पैशांची: ट्रकांचे हप्ते, उभ्या राहिलेल्या बार्जेस, पॅकेज, भरपाई. ती व्हायलाच हवी होती. पण त्या गावांतल्या तिठ्यावर सकाळी दहाला नुसते उभे असलेले पन्नाशीचे पुरुष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कळेल की गेलं ते उत्पन्नच एकटं नव्हतं.

याचा सर्वांत नेमका अभ्यास नव्वद वर्षांपूर्वीचा आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं, सगळं एका कापड गिरणीवर चालणारं. जागतिक मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले. त्यांचा अहवाल १९३३ मध्ये आला. त्यांची अपेक्षा सरळ असायला हवी होती: काम गेलं, वेळ मिळाला, म्हणजे लोक वाचतील, संघटना करतील, चळवळ करतील. झालं उलट. गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, आणि वाचनालय तर फुकट होतं. लोकांनी क्लब सोडले, वर्तमानपत्रं सोडली. संशोधक लोकांच्या चालण्याचा वेग मोजत. पुरुष रेंगाळत चालायचे, मध्येच थांबायचे. बायका मात्र भरभर चालत. त्यांची गिरणीतली नोकरी गेली होती, पण घरातलं काम कुठे गेलं होतं? दिवसभरात काय केलं, असं विचारल्यावर पुरुषांना धड आठवायचंही नाही.

याहोडाने पुढे यावर आयुष्यभर विचार केला. ती म्हणते, नोकरी आपल्याला पगारासोबत पाच गोष्टी न सांगता देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, अनेकांनी मिळून गाठायचं काही, समाजात एक ओळख आणि हातपाय हलवायला लावणारी नियमितता. नोकरी गेली की पाचही एकदम जातात, आणि आपल्याला वाटतं की फक्त पगार गेला.

ही यादी निवृत्तांनाही लागू आहे, आणि ज्या घरातली मुलं परदेशी गेली त्या आयांनाही. मला तर वाटतं, ‘जीवनाचा अर्थ’ नावाचं जे काही मोठं वाटतं त्याचा अर्धा भाग या पाच साध्या गोष्टींतच असतो. त्या असतात तोवर कुणाला प्रश्न पडत नाही.

मग गोंयकाराचं सुशेगाद जगणं चुकीचं का?

हा आक्षेप येणारच. पर्यटनाच्या जाहिरातीतला गोवा म्हणजे झोपाळ्यावर लोळणारा माणूस. तो तर सुखी दिसतो!

सुख आणि अर्थ यांची गल्लत इथे होते. रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुमारे चारशे अमेरिकनांचा अभ्यास केला. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा बरोबर असतात, पण जिथे फाटे फुटतात तिथे चित्र गमतीचं आहे. गरजा भागणं, तब्येत बरी असणं, हातात पैसा असणं याने सुख वाढतं. अर्थाशी त्याचा फारसा संबंध दिसला नाही. सुखी माणूस आजमध्ये असतो. अर्थ वाटणाऱ्याचं मन काल आणि उद्यातही फिरतं. आणि काळजी, ताण, भांडणं या गोष्टी सुख कमी करतात, पण ज्यांना आयुष्य अर्थपूर्ण वाटतं त्यांच्याकडे त्या जास्तच आढळल्या. लहान मूल घरात असलेल्या कुणालाही हे पटेल. झोप नाही, पैसा पुरत नाही, तरी ‘कशासाठी जगतोय’ हा प्रश्न त्या घरात उद्भवत नाही.

आणि तो झोपाळ्यावरचा माणूस जाहिरातवाल्यांचाच आहे. खरा गोंयकार दुपारी तासभर आडवा होतो हे खरं. पण तोच माणूस चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीसाठी रानातली फळं गोळा करत हिंडतो आणि जत्रेच्या नाटकासाठी रात्र रात्र तालमी करतो. आराम आणि अर्थ यांचं वैर नाही; आराम कशापासून, हे ठरलेलं असलं म्हणजे झालं.

“हे सगळं आपल्या धर्मात आधीच सांगितलंय”

बरंचसं सांगितलंय. धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ म्हणजे माणसाने कशासाठी जगावं याचीच मांडणी आहे, आणि त्यात पैसा व सुख यांनाही जागा आहे. शेजारच्या वाड्यावरचा ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेतून तेच उत्तर घेतो. अर्थ आपल्या जन्माआधीपासून आहे, आपण तो ओळखायचा, ही एक बाजू. दुसऱ्या बाजूचं टोक म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र. दुसरं महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने मांडलं, की माणूस आधी जन्मतो आणि आपण कोण हे नंतर स्वतःच्या कृतींनी घडवतो. आधीपासून लिहिलेलं काही नाही.

यातलं खरं कोणतं, हे कुठल्याही प्रश्नावलीने ठरणार नाही. मानसशास्त्राला इथे मत नाही, आणि ते असल्याचा आव आणणाऱ्या वक्त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र श्रद्धेचा परिणाम मोजता येतो. शिगेहिरो ओइशी आणि एड डीनर यांनी २०१४ मध्ये १३२ देशांची आकडेवारी तपासली. श्रीमंत देशांत लोक आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते; पण ‘माझ्या आयुष्याला अर्थ आहे’ म्हणणारे जास्त निघाले गरीब देशांत. फरकाचं मोठं कारण धार्मिकता हे होतं.

का, ते समजायला वास्कोचा सप्ताह पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ आली, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून श्रीफळ आणलं आणि अखंड भजन सुरू केलं, अशी त्याची कथा. आजही श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराच्या देवळात चोवीस तास भजन चालतं, पाळी लावून. पहाटे तीनची पाळी ज्याच्या वाट्याला येते, त्याला विचारा. गावावर संकट आलं आणि टळलं, ही संगती. भजन खंडू द्यायचं नाही, ही दिशा. माझ्या पाळीला मीच हवा, हे मोल. देव मानणारा याला देवाची कृपा म्हणेल, न मानणारा सामाजिक व्यवस्था. झांजा वाजवणाऱ्याला त्या वेळी हा वाद सुचत नाही.

दुःखातच अर्थ सापडतो का?

इथे व्हिक्टर फ्रँकलचं नाव निघतंच. व्हिएन्नाचा हा ज्यू मानसोपचारतज्ज्ञ आउशवित्झसह चार नाझी छावण्यांमधून वाचला, घरची बहुतेक माणसं गमावून, आणि १९४६ मध्ये त्याने तो अनुभव लिहिला. त्याच्या मते अर्थ तीन वाटांनी येतो: काही घडवून, कुणावर प्रेम करून किंवा काही सुंदर अनुभवून, आणि टाळता न येणारं दुःख आपण कसं सोसतो त्यातून.

लोक तिसरी वाट तेवढी उचलतात आणि ‘टाळता न येणारं’ हे शब्द गाळतात. फ्रँकलने स्वच्छ सांगितलंय, की अर्थासाठी दुःख आवश्यक नाही, आणि दुःखाचं कारण दूर करता येत असेल तर ते दूर करणं हेच अर्थपूर्ण. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘यातही काही अर्थ असेल’ असं सांगणाऱ्यांनी फ्रँकलचा आधार घेऊ नये.

ध्येय असलं की आयुष्य वाढतं?

आकडे आहेत, आणि ते मोठे आहेत. जपानच्या ओसाकी भागात ४३ हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं गेलं, की तुम्हाला जगण्यासारखं काही आहे का, आणि सात वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतही पुढे असंच दिसलं. पण ज्याला मधुमेहाने पोखरलंय, ज्याची बायको गेलीय, जो बेकार आहे, तोच ‘नाही’ म्हणण्याची शक्यता जास्त. संशोधक आकडेमोडीत याची वजाबाकी करतात, पण ती पूर्ण कधीच होत नाही. त्यामुळे ‘ध्येय ठेवा, दहा वर्षं जास्त जगा’ असं विकणाऱ्याकडून काही घेऊ नये.

आधी मन लागायला हवं, की आधी काम?

बहुतेकांची कल्पना अशी, की शांत बसून विचार केला की ध्येय सापडेल, मग उत्साह येईल, मग आपण उठू. स्टीगरने २००६ मध्ये जी प्रश्नावली तयार केली तिच्यात अर्थ असणं आणि अर्थ शोधत असणं हे वेगवेगळं मोजलं जातं. जो जास्त शोधतो त्याला जास्त सापडलेला असतो असं नाही. बऱ्याचदा उलटच असतं. शोधणं वाईट नाही, पण नुसतं शोधून भागत नाही.

याबद्दलचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या गोव्यातलाच आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही याचं वाईट वाटतं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. तिने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. पद्धत अशी: मन ताळ्यावर येण्याची वाट पाहायची नाही. पूर्वी ज्यात जीव रमायचा अशी एक लहान कृती निवडायची आणि मन नसतानाही ती करायची: बहिणीकडे जाणं, परसात भाजी लावणं, असलं काहीही. मग दुसरी. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते; ज्यांना ही मदत मिळाली नाही त्यांच्यातले ३९ टक्के.

ती चाचणी आजारावरची होती, ‘अर्थ’ या विषयावरची नाही, हे लक्षात ठेवूनही त्यातून घेण्यासारखं बरंच आहे. उत्साह हा कामाच्या आधी येतो त्यापेक्षा मागून जास्त वेळा येतो. आणि एक सावधगिरीही त्यातच आहे. आठवडेच्या आठवडे काहीच गोड लागत नाही, झोप-भूक गेली, मरणाचे विचार येतात, तर तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न समजून चिंतन करत बसू नये. ते आजारपण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फुकट मिळते.

“कामातच ध्येय शोधा” म्हणणाऱ्यांचं काय?

यातही तथ्य आहे. एमी व्रेझ्नेव्हस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये इस्पितळातल्या सफाई कामगारांविषयी लिहिलं. काम एकच, पगार तोच. काहींच्या मते आपण फरशी पुसतो. काही मात्र रुग्णाला सोयीची वेळ बघून खोलीत जात, त्याच्या नातेवाइकांशी चार शब्द बोलत, आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असं मानत. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कामाची चौकट स्वतःच थोडी मोठी केली होती.

पण या गोष्टीचा पुढचा भाग वक्ते सांगत नाहीत. ज्याचं कामावर प्रेम आहे त्याला जादा तास, सुट्टीच्या दिवशीचं काम, कामाबाहेरची कामं द्यायला लोकांना गैर वाटत नाही, हेही संशोधनात दिसलंय. आपल्याकडे त्याला अभ्यासाची गरज नाही. अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, ‘मानधन’ असतं. ‘तुमचं काम म्हणजे सेवा’ असं व्यासपीठावरून तिला सांगितलं जातं. तिचं मोल शब्दांत चुकतं केलं, की आकड्यांत करायची निकड उरत नाही. कामात अर्थ वाटणं ही त्या माणसाची कमाई आहे. मालकाला ती पगारातून वजा करता येत नाही.

म्हणून नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन: मुलाखतीत समोरचा ‘आमच्याकडे ही नोकरी नाही, हे एक ध्येय आहे’ असं म्हणाला, तर कामाचे तास, रजा आणि भविष्य निर्वाह निधी यांची चौकशी तिथेच करून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.